शुद्ध करून दिलेली पत्रं

इंटरनेटवरच्या अशुद्ध मराठीबद्दल लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांना माझ्याकडून काय हवंय ते मला लगेच कळलं. 'आणी', 'कि', 'पाणि' आणि 'दिवाळिच्या हार्दीक शुभेच्छा'. मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलेल्या बाईनं साठवलेला संताप, वाचकांना फराळाबरोबर. संताप माझ्याकडे भरपूर आहे. 'तुझि फार आठवण येते' असा कुणाचा निरोप आला की आठवण राहते बाजूला आणि मला आधी ती वेलांटी टोचते. पण लिहायला बसले आणि हात थांबला. दुसऱ्यांच्या चुकांवर चार पानं लिहायची आणि बंगळूरच्या सावित्रक्काबद्दल एक ओळही नाही, हे माझ्याच्यानं होईना. तेव्हा तिच्याबद्दलच लिहिते. लिहिताना शरम वाटतेय, ती वाटू दे.

नव्वदच्या दशकाचा शेवट. पुण्यात मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. यांची बदली बंगळूरला झाली, बनशंकरीत घर घेतलं आणि माझी लेखणी म्यान झाली. तिथं मराठी मुद्रितं तपासायला कोण देणार? चिकपेटात एका कापडाच्या दुकानात परकरांचं कापड घेताना मी यांच्याशी मराठीत बोलत होते, ते गल्ल्यावरच्या माणसानं ऐकलं. "तुम्ही पुण्याच्या काय? लिहायला बरं येतंय तुम्हाला?" हा आनंदण्णा. त्याचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरला. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि दोन्हींच्या मधली सीमा त्याला स्वतःलाही सांगता आली नसती. खाली वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि वरच्या माडीवर यानं नुकतेच कॉम्प्युटर मांडले होते. दुसऱ्या दिवसापासून मी त्या माडीवर कामाला जाऊ लागले. बाकी सगळ्या बायकांना तो अक्का म्हणायचा, मी पुण्याची म्हणून मला ताई.

धंदा असा होता. मुलं अमेरिकेत गेलेली, त्यांच्याकडे ईमेल. आईवडील बंगळुरात, त्यांच्याकडे साधा फोनही असेलच असं नाही. मुलानं आमच्या पत्त्यावर मेल पाठवायची, आम्ही ती आईवडिलांच्या भाषेत, त्यांच्या लिपीत टाइप करून कागदावर छापायची, पाकिटात घालायची आणि घरपोच करायची. आईवडिलांनी कागदावर लिहिलेलं उत्तर आमच्याकडे यायचं, ते आम्ही टाइप करून मुलाला मेल करायचो. हवाई टपालाला जिथं आठवडे लागत तिथं हे दोन दिवसांत व्हायचं. कन्नडच्या टेबलावर गिरिजा नावाची हसरी मुलगी होती, तमिळ-तेलुगूला एक गृहस्थ होते आणि मराठीला मी.

मेल यायची ती इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. ज्यांनी तसली मराठी वाचलीय त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. त्या अक्षरांत ल आणि ळ एकच, न आणि ण एकच, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. 'काल' लिहिलंय की 'काळ', 'वेल' की 'वेळ', हे मागचापुढचा मजकूर बघून ठरवायचं. चुकायला कितीसा वेळ लागतो! एकाची बायको माहेरी आली होती, तिच्या परतीच्या वेळी त्यानं आईला लिहिलं, 'सुनंदाबरोबर परात पाठव, मोठी असली तरी चालेल.' मी 'परत पाठव' असं छापलं. आईनं खूप विचार केला आणि मुलानं पहिल्या वर्षी मोठ्या हौसेनं पाठवलेली मोठी बॅग सुनेबरोबर परत पाठवून दिली. वर रुसलीही. पुढं त्यांचा समेट झाला, परातही गेली. आम्ही माडीवर पोट धरून हसलो.

तोपर्यंत मी मजकुराला हात लावत नव्हते. लावायला लागले त्याला एक निवृत्त हेडमास्तर कारण झाले. त्यांची मुलगी त्यांना लिहायची आणि ते तिची छापलेली पत्रं लाल शाईनं तपासून आमच्या माडीवर आणून टाकायचे. एकदा तर टेबलावर पत्र आपटून म्हणाले, "मुलगी इंजिनियर आहे हो माझी! आणि ही भाषा? 'मी बोलली', 'मी गेली'? तुमच्याकडे तपासायला कुणी बसवलंय की नाही?" आनंदण्णा घाबरला. ते गेल्यावर मला म्हणाला, "ताई, तुम्हाला येतंय तर स्वल्प नीट करून देत जा की. गिऱ्हाइकाला पण बरं."

मला तेवढंच हवं होतं. छापखान्यातला तो जुना उत्साह अंगात संचारला. 'मी बोलली'चं 'मी बोलले' केलं. एकच वाक्य दोनदा आलं की एक उडवलं. जिथं तिथं पेरलेले 'बट' आणि 'ॲक्च्युअली' वेचून काढले. हेडमास्तरांची लाल शाई बंद झाली. आपली मुलगी सुधारली म्हणून ते पेढे घेऊन आले, आणि त्यांना खरं न सांगता मी पेढा खाल्ला. नंतर मी आईवडिलांकडून येणारी उत्तरंही नीट करू लागले. पानंच्या पानं अशी स्वच्छ होऊन जायची की एखादं पाठ्यपुस्तक वाटावं. संध्याकाळी बसमध्ये बसताना मला बरं वाटायचं. परमुलखात आपण मराठीची काहीतरी सेवा करतोय, असं अगदी मनापासून वाटायचं.

मंजूची पत्रं याच सुमाराला सुरू झाली. मंजुनाथ, सावित्रक्काचा एकुलता एक. नवरा लवकर गेलेला, तिनं ब्लाउज शिवून मुलाला शिकवलं. मुलगा कॉम्प्युटरमध्ये हुशार निघाला आणि अमेरिकेला गेला. कन्नड तिला लिहितावाचता येत होतंच, मराठी वाचायला ती त्यांच्या समाजाच्या शाळेत शिकली होती. अक्षर लावून लावून, मोठ्यानं वाचायची. ही माहिती मला आनंदण्णानं दिली, कारण दोन्ही घराणी जुनी, एकमेकांच्या लग्नाकार्यातली. मी तिला पाहिलं नव्हतं. मला ठाऊक होती ती तिच्या मुलाची मराठी, आणि ती वाचून माझं डोकं उठायचं.

'अम्मा, ऊट झालं का? मी बरा हाय. इथं थंडी लई हाय, बट कोट घेटलो. तू स्वल्प पण कळकळ करून घेऊ नको. ऊट झालं का, अम्मा? झोप येती का?' प्रत्येक पत्र असंच. मराठी शब्दांना कन्नड वळण, मधेच अख्खा कन्नड शब्द आणि जेवलीस का, हा प्रश्न एकाच पत्रात दोनदा, कधी तीनदा. मी ते बसून 'नीट' करायची. 'आई, जेवण वेळेवर घेत जावे. मी येथे कुशल आहे. येथे कडाक्याची थंडी आहे, परंतु मी कोट घेतला आहे. काळजी करू नये.' आणि शेवटी 'तुझा मंजुनाथ', कारण 'मंजू' पत्रात बरं दिसत नाही असं माझं मत होतं.

होय, 'अम्मा'ची 'आई' मीच केली. मराठी पत्रात 'अम्मा' कशाला, इतका साधा विचार. पेनाच्या एका फटकाऱ्याचं काम, आणि कॉम्प्युटरवर तर तेवढंही नाही.

सावित्रक्काची उत्तरं यायची शिवणकामाच्या वहीच्या कागदावर. 'मंजू कन्ना, तुज पत्र वाचलो.' मी तेही, लाडाच्या 'कन्ना'सकट, घासूनपुसून धाडायची: 'प्रिय मंजुनाथ, तुझे पत्र मिळाले.'

असे काही महिने गेले. मग एका सकाळी ती स्वतः आली.

माडीचा जिना अरुंद आणि उभा. धापा टाकत एक ठेंगणी बाई वर आली, गळ्यात शिवणाची टेप तशीच राहिलेली, हातात सगळ्या पत्रांची चळत. आनंदण्णा उठून उभा राहिला. "या की अक्का, बसा. पाणी दिऊ?"

ती बसली नाही. तिनं पत्रं टेबलावर ठेवली आणि विचारलं, "आनंदा, माझ्या लेकाचं काय झालंय, खरं सांग."

"काय झालंय म्हणजे? काही नाही झालेलं. परवाच मेल आली की."

"ते पत्र मंजूचं न्हाई." तिनं चळतीवर हात ठेवला. "हे दुसरं कुणीतरी लिहितंय. शेजारचा फोन रस्ता खणल्यापासून बंद हाय, त्याचा आवाज ऐकून किती दिवस झाले. आमच्या गल्लीत एकीचा नवरा गल्फमध्ये गेला, मेला, तरी तिला सहा महिने पत्रं येत होती. त्याचे दोस्त लिहीत होते. तसं काही असेल तर आत्ताच सांग. मी ऐकून घेतो."

आनंदण्णानं माझ्याकडे पाहिलं. आणि मला, हे लिहायलाही जड जातंय, मला त्या क्षणी थोडा अभिमानच वाटला. मी उठून पुढं झाले आणि हसत म्हणाले, "अहो, घाबरू नका. पत्रं तुमच्या मुलाचीच आहेत. फक्त मी ती शुद्ध करून देते."

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "शुद्ध म्हणजे?"

"म्हणजे… चुका असतात ना भाषेत, त्या काढून."

"माझ्या पोराच्या बोलण्यात चूक असते?"

तिनं सगळ्यात वरचं पत्र उचललं आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. "हे 'आई' कोण?"

"तुम्हीच."

"मी अम्मा." एवढंच ती म्हणाली. मग खुर्चीत बसली, टेप गळ्यातून काढून मांडीवर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "पहिल्यांदा मला वाटलं, पोरगा मोठा झाला. मोठ्या लोकांत बसतोय, आता अम्माला अम्मा म्हणायला लाजतोय. तेही मी सोसलो. शिकलेल्यांचं असतंय तसं. पण तो मला जेवलीस का म्हणून विचारायचा पण सोडला, तवा मात्र भ्यालो."

आनंदण्णानं कॉम्प्युटर सुरू केला आणि मंजूच्या मूळ मेल काढून दिल्या. ती अक्षरं इंग्रजी, तिला वाचता येणार नव्हती. "ताई, तुम्हीच वाचा," तो म्हणाला. "जसं हाय तसं."

मी वाचायला लागले. "अम्मा, ऊट झालं का?" वर्षानुवर्षं पुण्याच्या मराठीत घोटलेली माझी जीभ, ते शब्द तोंडातून कसेबसे निघाले. सावित्रक्कानं डोळे मिटले होते. ती मधेच थांबवायची. "तसं न्हाई, तो 'का' लांबवून म्हणतो." मी पुन्हा म्हणायची. त्या माडीवर गिरिजा, तमिळचे गृहस्थ, आनंदण्णा सगळे हातातलं काम थांबवून बसले होते आणि मी मोठ्यानं, चुकत चुकत, एका मुलाच्या आवाजात त्याच्या आईला विचारत होते, जेवलीस का. मी गाळलेला एकेक प्रश्न तिला मिळत होता. ती मान हलवून प्रत्येकाला उत्तर देत होती. "झालं रे. झालं जेवण."

वाचता वाचता मग ती मेल आली.

'अम्मा, इथं जीव लागत न्हाई. मी येऊन सोडू काय? तू सांग.'

सावित्रक्कानं डोळे उघडले. "परत वाच."

मी परत वाचलं. ही ओळ मला चांगली आठवत होती. 'येऊन सोडू' हे काय मराठी झालं? कुणाला सोडायला येतोय हा? बरंच डोकं चालवून मी लिहिलं होतं, 'येथे करमत नाही. एकदा येऊन जाईन.' आणि 'तू सांग' हे निरर्थक वाटून काढून टाकलं होतं.

"बंदबिडला," गिरिजा तिच्या टेबलावरून म्हणाली. तिनं कन्नडात मनात लावून पाहिलं होतं. "मॅडम, ते आमच्या कन्नडातून आलंय. कायमचं येऊ का, असं विचारतोय तो. तिकडचं सगळं सोडून."

मी सावित्रक्काकडे पाहिलं. तिला समजावण्याची गरजच नव्हती, तिच्याच घरचं बोलणं ते.

"आणि मी काय लिहिलं होतं?" तिनं विचारलं. मला नव्हे, स्वतःलाच. पण उत्तर माझ्याकडे होतं. 'एकदा येऊन जाईन' असं तिनं वाचलं होतं. एवढ्या लांबून उगाच ये-जा करून पोरगा दमेल, असं वाटून तिनं कळवलं होतं की धावपळ करू नको, तिथंच नीट राहा. ते मी आणखी नेटकं केलं होतं. 'येण्याची घाई करू नकोस. तिथेच नीट राहा.'

"तो विचारला, आणि मी नको म्हटलो," सावित्रक्का म्हणाली.

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. मी काहीतरी पुटपुटले, चुकलं, मला कळलं नाही, असंच काहीतरी. तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. उठून ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "आता मी सांगतो तसं लिही. एक अक्षर बदलू नको." आणि सांगू लागली. "मंजू कन्ना, मी अम्मा. तू विचारलेलं मला कळलं नव्हतं. येऊन सोड बाळा. मी हाय." मी एक अक्षर बदललं नाही. टाइप करताना दोनदा चुकले, आणि त्या चुका मात्र सुधारल्या.

मंजूचं उत्तर दोन दिवसांनी आलं. पडद्यावर ते उघडलं. तीच इंग्रजी अक्षरं, पण मजकूर असा: 'प्रिय आई, साष्टांग नमस्कार. तुझे पत्र मिळाले. मी मागील महिन्यात येथील कंपनीशी तीन वर्षांचा करार केला आहे. त्यामुळे आता येणे शक्य नाही. सुट्टी मिळाल्यावर भेटण्यास येईन.' पुढं कंसात लिहिलं होतं, की त्याच्या खोलीत एक नागपूरचा मुलगा राहतो, त्याच्याकडून तो मराठी नीट लिहायला शिकतोय. आधीच्या पत्रांतल्या चुकांबद्दल आईनं, आणि तिची पत्रं जे कुणी लिहून देतात त्यांनी, क्षमा करावी.

आईकडून एवढी शुद्ध पत्रं येताहेत म्हणजे ती कुणा शिकलेल्या माणसाकडून लिहून घेतेय, आपलं अडाणी लिहिणंही तो माणूस वाचत असणार, असं त्याला वाटलं होतं. आणि तो लाजला होता. इकडे आई समजत होती की मुलगा लाजतोय, तिकडे मुलगा लाजून भाषा शिकत होता, आणि मधल्या टेबलावर मी बसले होते.

त्या पत्रात सुधारायला काही नव्हतं. मी ते जसंच्या तसं छापलं आणि स्वतः जाऊन सावित्रक्काच्या घरी दिलं. तिनं उभ्यानंच, अक्षर लावत, मोठ्यानं वाचलं. 'प्रिय आई'पाशी थोडी थांबली, मग पुढं गेली. वाचून झाल्यावर घडी घालून मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि मला कॉफी करून दिली. मी ती प्यायले.

मंजू पुढच्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा आईला घेऊन माडीवर आला. उंच, काळासावळा, आईसारखेच डोळे. मी उभी राहिले. तो हात जोडून म्हणाला, "नमस्कार मॅडम. आपण कशा आहात? माझ्या बोलण्यात काही चुका झाल्या तर कृपया सांगा." एकेक शब्द पारखून, परीक्षेला बसल्यासारखा बोलत होता.

"माझ्याशी तुमच्या घरच्यासारखं बोला ना," मी म्हणाले. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

तो हसला, पण मान हलवली. "तुमच्यासमोर नाही येत मॅडम." मग आनंदण्णाकडे वळून कन्नडात काहीतरी विचारू लागला. आनंदण्णानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्याला गिरिजाच्या टेबलापाशी नेलं.

सावित्रक्का माझ्याजवळ थांबली होती. तिनं माझा हात हातात घेतला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली, "पण यापुढं त्याची पत्रं कन्नडात येऊ देत. आम्ही दोघं तसं ठरवलोय."

"कन्नडात? पण घरात तर तुम्ही मराठी…"

"घरात बोलतो की. लिहायचं तेवढं कन्नडात." तिनं माझा हात थोपटला. खरंच मला समजावत असल्यासारखी म्हणाली, "कन्नडात आम्हाला कुणी काय म्हणत न्हाई."

त्या घरात किती पिढ्या मराठी टिकली होती कोण जाणे. पुस्तकं नाहीत, बाजारात उपयोग नाही, तरी टिकली होती. चुकत, मोडत, कन्नडाला टेकत का होईना, एक मुलगा परदेशातून आईला त्याच भाषेत पत्रं लिहीत होता. ती पत्रं बंद झाली. ज्या बाईला मराठीची एवढी काळजी होती, तिनं ती बंद पाडली.

मंजूच्या मेल त्यानंतरही आमच्या माडीवर येत राहिल्या. त्या गिरिजाच्या टेबलावर जात, आणि ती त्या होत्या तशा छापून पाकिटात घालत असे.